गाडी एकच, शोरूम दोन: मग निवड कशाची करायची?

वाचकाचे पत्र

स.न.वि.वि. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर पातलीपाड्याजवळ राहते आणि महापे एमआयडीसीतील एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. रोजचे जाणे-येणे साधारण ४० किलोमीटरचे असून मी स्वतः गाडी चालवते. सध्याची डिझेल हॅचबॅक बारा वर्षांची झाली आहे. क्लच दाबून डावा गुडघा दुखू लागल्यामुळे डॉक्टरांनी क्लच नसलेली गाडी घेण्यास सांगितले आहे. घरात आम्ही चौघे आहोत: मी, यजमान, बारावीतला मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. त्यांच्यासाठी घडीची व्हीलचेअर बरोबर न्यावी लागते. गणपतीला आणि शिमग्याला आम्ही संगमेश्वरजवळच्या गावी जातो. बरीच चौकशी करून आम्ही मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या दोन गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबरच नुसत्या विजेच्या मोटरवरही चालू शकणाऱ्या) मॉडेलांपर्यंत आलो आहोत. यजमानांच्या मते हायब्रिड घ्यायची तर टोयोटाचीच. भावाच्या मते कोकणात न्यायची तर मारुतीच. ग्रँड विटारा लगेच मिळते आणि तिच्यावर थोडी सूटही आहे, हायरायडरसाठी थांबावे लागेल. माइल्ड हायब्रिड (जिच्यात मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते अशा) ऑटोमॅटिकपेक्षा स्ट्राँग हायब्रिड आमच्या कोटेशनप्रमाणे २ लाख १० हजारांनी महाग पडते. हे पैसे वसूल होतील का, आणि दोन्हींपैकी कोणती घ्यावी?

सल्ला

आदरणीय भगिनी, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात निर्णयाला लागणारी जवळजवळ सगळी माहिती आहे, म्हणून उत्तर आधीच सांगतो: स्ट्राँग हायब्रिडच घ्यावी, आणि दोन्हींपैकी ग्रँड विटारा घ्यावी. मात्र बुकिंगची रक्कम भरण्याआधी सासूबाईंची व्हीलचेअर शोरूममध्ये नेऊन डिकीत ठेवून पाहावी, आणि आपल्या सोसायटीतील पार्किंगची मापे लेखी मागवून घ्यावीत. या दोन गोष्टींपैकी एक जरी जुळली नाही तरी माझा सल्ला बदलेल. तो कसा बदलेल, हेही पुढे लिहिले आहे.

यजमान आणि बंधू यांच्यातील मतभेद प्रथम मिटवून टाकू, कारण या बाबतीत दोघांचेही म्हणणे दोन्ही गाड्यांना सारखेच लागू पडते. ग्रँड विटारा आणि हायरायडर या दोन्ही २०२२ साली बाजारात आल्या, त्या टोयोटाच्या कर्नाटकातील बिदडी येथील एकाच कारखान्यातून. गाडीचा सांगाडा सुझुकीचा आहे, तर स्ट्राँग हायब्रिड यंत्रणा, म्हणजे दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, विजेची मोटर आणि त्यांना जोडणारा ई-सीव्हीटी गिअरबॉक्स, टोयोटाची आहे. दोन्हींत इंजिन ९२ पीएसच्या (पीएस म्हणजे जवळजवळ अश्वशक्तीच) आसपास ताकद देते, मोटर ८० पीएसची आहे आणि दोन्ही मिळून कमाल ताकद ११६ पीएसच्या जवळ जाते. वाहनांची चाचणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआय संस्थेने प्रमाणित केलेला ॲव्हरेजचा आकडाही दोन्हींचा एकच आहे: लिटरला २७.९७ किलोमीटर. चाकांमधील अंतर सारखे आणि जमिनीपासूनची २१० मिलिमीटर उंचीही सारखीच. बदलते ते पुढचे तोंड, दिवे, आतील रंगसंगती आणि कोणत्या मॉडेलात कोणती सोय द्यायची याची मांडणी. तेव्हा यजमानांना हवे असलेले टोयोटाचे हायब्रिड तंत्र ग्रँड विटारातही आहे आणि बंधूंना हवा असलेला सुझुकीचा सांगाडा हायरायडरलाही आहे. जाहिराती आणि तुलनेचे व्हिडिओ पाहताना जो वेळ आपण या दोन चिन्हांतील फरक शोधण्यात घालवला असेल, तो यापुढे डिकी, पार्किंग आणि वर्कशॉप या तीन गोष्टींना द्यावा, असे मला मनापासून वाटते.

आता पैशांचा प्रश्न. आपण स्वतः हिशेब विभागात असल्याने मी गणित उघड करून मांडतो, म्हणजे आपल्याला आकडे बदलून पाहता येतील. कार्यालयाचे ४० किलोमीटर वर्षातील अडीचशे दिवस धरले तर दहा हजार किलोमीटर होतात. गावच्या दोन फेऱ्या आणि सुट्टीच्या दिवशीची धावपळ मिळवली तर वर्षाला चौदा हजार किलोमीटर धरणे रास्त आहे. आपल्या वाटेवरील वाहतुकीत स्ट्राँग हायब्रिडला लिटरमागे २१ किलोमीटर आणि माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिकला १२ किलोमीटर धरू. हे आकडे मी मुद्दामच प्रमाणित आकड्यांपेक्षा बरेच खाली ठेवले आहेत, कारण प्रयोगशाळेतील चाचणीत माजिवड्याचा सिग्नल नसतो, आणि आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये उष्णता शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी असते. या हिशेबाने एका गाडीला वर्षाला सुमारे ६६७ लिटर आणि दुसरीला ११६७ लिटर पेट्रोल लागेल. फरक ५०० लिटरचा झाला. लिटरचा भाव १०४ रुपये धरला तर वर्षाची बचत ५२ हजार रुपये होते, आणि आपले २ लाख १० हजार चार वर्षांत परत येतात. आपण मागची गाडी बारा वर्षे वापरली आहे, म्हणजे ही बचत उपभोगायला आपल्याकडे पुरेशी वर्षे आहेत. याच जागी वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणारे एखादे निवृत्त जोडपे असते, तर तेच पैसे वसूल व्हायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला असता, आणि त्यांना मी माइल्ड हायब्रिडच घ्यायला सांगितले असते.

हा फरक इतका मोठा का पडतो, हे समजून घेतले तर गाडी चालवतानाही उपयोग होतो. पेट्रोल इंजिन सर्वांत जास्त इंधन वाया घालवते ते अगदी कमी वेगात आणि उभ्या जागी. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत, पुढे कळवा पुलावर आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली आपली गाडी नेमकी त्याच अवस्थेत असते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये अशा वेळी इंजिन बंद राहते आणि गाडी मोटरवर सरकते. ब्रेक लावला की तीच मोटर जनित्र होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत भरते. बॅटरी फारच लहान, म्हणजे फक्त ०.७६ किलोवॉट-तासांची आहे, पण ती सतत रिकामी होत आणि भरत राहते, म्हणून तिला बाहेरून चार्जिंग लागत नाही. माइल्ड हायब्रिडमध्ये मोटर एकटी गाडी ओढू शकत नाही. ती इंजिनाला थोडा हातभार लावते आणि सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, एवढेच तिचे काम आहे. शोरूममध्ये दोन्हींना हायब्रिडच म्हटले जाते, त्यामुळे कोटेशनवर ‘स्ट्राँग’ किंवा ‘ई-सीव्हीटी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

ठाण्याच्या उन्हाळ्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. मे महिन्यातल्या दुपारी गाडी कोंडीत उभी असताना इंजिन बंद राहते आणि एसी मात्र थंड हवा देत राहतो. बॅटरी उतरली की इंजिन थोडा वेळ चालू होऊन ती भरते आणि पुन्हा बंद होते. माइल्ड हायब्रिडमध्ये इंजिन बंद झाले की कॉम्प्रेसरही थांबतो, काही क्षणांत हवा कोमट होते आणि इंजिन पुन्हा सुरू होते. मागच्या आसनावर ७६ वर्षांच्या सासूबाई बसणार असतील, तर हा फरक पेट्रोलच्या बचतीइतकाच महत्त्वाचा आहे.

आपल्या गुडघ्यासाठीही ही निवड योग्य आहे. यात क्लच नाही. नेहमीच्या ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर बदलताना कधी कधी जाणवणारा झटकाही नाही, कारण यातील ई-सीव्हीटीमध्ये गिअर बदलतच नाहीत. इंजिन आणि मोटर ग्रहचक्री दात्यांच्या एकाच संचाने जोडलेली असतात. वेगळा स्टार्टर आणि वेगळा अल्टरनेटरही नसल्यामुळे झिजणारे भाग कमी होतात. ब्रेकचे बरेचसे काम मोटर करत असल्याने ब्रेक पॅडही जास्त काळ टिकतात.

आता दुसरी बाजू मांडतो, आणि आपल्या घरासाठी तीच जास्त महत्त्वाची आहे. हायब्रिडची बॅटरी डिकीच्या तळाशी बसवलेली आहे. त्यामुळे माइल्ड हायब्रिडमध्ये ३७३ लिटर असलेली डिकी स्ट्राँग हायब्रिडमध्ये सुमारे २६५ लिटरवर येते आणि तिची जमीन उंचावते. दोन मध्यम बॅगा आणि भाजीच्या पिशव्या यांना ती पुरते. घडीची व्हीलचेअर मात्र रुंदीपेक्षा उंचीने अडते, विशेषतः मागची चाके मोठी असलेली. लिटरचे आकडे वाचून हा प्रश्न सुटणार नाही. खुर्चीच न्यावी लागेल. शोरूममध्ये खुर्ची ठेवून डिकीचे झाकण पूर्ण बंद करून पाहावे, मग त्याच खुर्चीसोबत एक बॅग ठेवून पाहावी. विक्रेत्याला संकोच वाटला तरी आपण वाटून घेऊ नये. खुर्ची आडवी बसली आणि तिच्यावर सामान राहिले तर प्रश्न मिटला. नाही बसली तर एक मार्ग असा आहे की, मागील आसनाची पाठ ६०:४० अशी दुमडते, तिचा लहान भाग खाली पाडून खुर्ची आत सरकवावी आणि सासूबाई व मुलगा यांनी मोठ्या भागावर बसावे. रोज दवाखान्यात जाण्यापुरते हे चालेल. गणपतीला मात्र गावापर्यंतच्या तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या, सुट्टीच्या गर्दीतील प्रवासात वृद्ध व्यक्तीने शेजाऱ्याला चिकटून बसणे त्रासाचे होईल. दुसरा मार्ग लहान चाकांच्या, नातेवाइकांनी ढकलायच्या खुर्चीचा आहे. ती दुमडल्यावर बरीच कमी जागा घेते आणि नव्या गाडीच्या मानाने तिची किंमत अगदी थोडी आहे. हे दोन्ही मार्ग पटले नाहीत तर मात्र मी आपल्याला माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिककडे वळायला सांगेन. पेट्रोलचे वर्षाला ५२ हजार जास्त जातील, पण सासूबाईंना बरोबर नेणेच अवघड करणारी गाडी आपल्या घरासाठी चुकीची ठरेल.

सासूबाईंसाठीच आणखी एक सूचना आहे. वरच्या मॉडेलातील मोठे पॅनोरमिक सनरूफ मुलाला आवडेल, परंतु त्याच्या चौकटीमुळे मागच्या आसनावर डोक्यावरची जागा थोडी कमी होते, आणि उन्हाळ्यात पडदा ओढलेला असला तरी छत तापते. मागच्या आसनाची पाठ थोडी रेलता येते, ही सोय दोन्ही गाड्यांत आहे आणि ती वयस्कर माणसाला सनरूफपेक्षा अधिक उपयोगी पडते. सहा एअरबॅग २०२५ पासून दोन्ही गाड्यांच्या सर्व मॉडेलांत आहेत, त्यामुळे सुरक्षेसाठी म्हणून सर्वांत महाग मॉडेल घेण्याची गरज उरलेली नाही. मधले मॉडेल घ्यावे आणि वाचलेले पैसे वाढीव वॉरंटीत घालावेत.

पार्किंगबद्दल आपल्या पत्रात काहीच नाही, म्हणून विचारतो. घोडबंदर पट्ट्यातील अनेक उंच इमारतींत यांत्रिक स्टॅक किंवा पझल पार्किंग, म्हणजे यंत्राने गाड्या एकावर एक स्तरांत ठेवण्याची सोय आहे. आपली जुनी हॅचबॅक ज्या पॅलेटवर (गाडी उभी करायच्या सरकत्या तळावर) सहज बसते, त्यावर ही गाडी बसेलच असे नाही. ग्रँड विटाराची लांबी ४३४५ मिलिमीटर आणि हायरायडरची ४३६५ मिलिमीटर आहे. आरसे सोडून रुंदी १७९५ मिलिमीटर, उंची साधारण १६४० मिलिमीटरच्या आसपास आणि वजन रिकाम्या अवस्थेत तेराशे किलोच्या जवळपास आहे. अनेक यंत्रांत एक स्तर सेडानच्या उंचीचा आणि एक स्तर एसयूव्हीच्या उंचीचा असतो, आणि सेडानच्या स्तरात ही गाडी जात नाही. सोसायटीच्या व्यवस्थापकाकडून आपल्या क्रमांकाच्या पॅलेटची कमाल उंची, रुंदी आणि वजन लेखी घ्यावे. मला याहूनही मोठी काळजी खड्ड्यातील स्तराची वाटते. पावसाळ्यात पंप बंद पडला की तेथे पाणी भरते, आणि हायब्रिडची बॅटरी डिकीच्या तळाशी, म्हणजे तशी खालीच असते. आपले पॅलेट खड्ड्यातील असेल तर जून उजाडण्याआधी वरच्या जागेशी अदलाबदल करून घ्यावी. सोसायटी त्यासाठी तयार नसेल तर ही खरेदीच पुढे ढकलावी, इतके मी याला महत्त्व देतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या रोजच्या वाटेबद्दलही सांगतो. विटाव्याच्या पुलाखाली मोठ्या पावसात पाणी साचते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. हायब्रिडमधील उच्च दाबाची यंत्रणा बंदिस्त असते आणि बिघाड जाणवताच स्वतःहून वीज तोडते, त्यामुळे पाण्यातून जाताना शॉक बसेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण यातील पेट्रोल इंजिनही इतर कोणत्याही इंजिनासारखेच हवेबरोबर पाणी ओढले की मोडते. गाडी उंच आहे म्हणून पाण्यात घालू नये. पाणी चाकाच्या निम्म्यावर दिसले तर ऐरोलीमार्गे मुलुंडचा वळसा घ्यावा. मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, त्यामुळे त्या वळशाला वेळेखेरीज काही लागत नाही. विमा घेताना इंजिन संरक्षणाचे जोडकलम घ्यावे आणि त्यात हायब्रिड बॅटरी व मोटर यांचे पाण्यामुळे होणारे नुकसान धरले आहे का, हे पॉलिसीच्या मजकुरात वाचून घ्यावे. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. दोन ठिकाणचे दर मागवले की शोरूमचा दरही बऱ्याचदा खाली येतो.

आता ग्रँड विटाराच का, ते सांगतो. यंत्र एकच असल्यावर फरक उरतो तो सेवेचा, वॉरंटीचा आणि व्यवहाराचा. वॉरंटीबद्दल आपण जुने लेख वाचले असतील तर त्यांत मारुतीची वॉरंटी दोन वर्षांची आणि टोयोटाची तीन वर्षांची असे दिसेल. ते आता खरे नाही. मारुतीने जुलै २०२४ पासून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर अशी वॉरंटी दिली आहे आणि टोयोटाचीही तेवढीच आहे. हायब्रिड बॅटरीला दोन्ही कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. म्हणजे टोयोटाकडे असलेला हा जुना फायदा राहिलेला नाही. वर्कशॉपच्या बाबतीत यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली, बिदडीत २०१३ पासून कॅमरी हायब्रिड बनवली आणि पुढे इनोव्हा हायक्रॉस आणली, त्यामुळे त्यांच्या वर्कशॉपमधील कारागिरांच्या हाताखालून अशा गाड्या अधिक गेलेल्या असतात. परंतु मारुतीच्या सेवाकेंद्रांचे जाळे कितीतरी मोठे आहे, आणि गाव संगमेश्वरजवळ असताना, सणाच्या दिवशी सेन्सरचा दिवा लागला किंवा दगडावर आपटून खालचे झाकण तुटले, तर जवळ वर्कशॉप असण्याचे महत्त्व त्या अनुभवापेक्षा मोठे ठरते. शिवाय आपल्याला ती लगेच आणि सवलतीच्या दरात मिळते आहे. ही कारणे वजनदार आहेत, पण अढळ नाहीत. टोयोटाचे वर्कशॉप ठाणे-बेलापूर रस्त्यावर आपल्या कार्यालयाच्या वाटेवरच असेल, सकाळी गाडी देऊन संध्याकाळी घेता येत असेल, आणि हायरायडरचे आतले रंग यजमानांना मनापासून आवडले असतील, तर थोडे थांबून ती घेण्यात कोणतेही नुकसान नाही. बुकिंगआधी दोन्ही वर्कशॉपमध्ये जाऊन एकच प्रश्न विचारावा: हायब्रिडच्या कामासाठी प्रशिक्षित कारागीर याच केंद्रात आहे का, की गाडी दुसरीकडे पाठवावी लागते? त्याचे सरळ उत्तर जेथे मिळेल, ते केंद्र आपले.

विजेच्या गाडीचा विचार आपण का केला नाही, हे पत्रात नाही. पण यांत्रिक पार्किंगमध्ये चार्जर बसवणे अवघड असते आणि आपण तेथे राहत असाल तर तो विचार बाजूला ठेवणे समजण्यासारखे आहे. एवढे मात्र लक्षात असू द्यावे की, विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के आहे आणि अटल सेतूसारख्या रस्त्यांवर राज्याने टोलमाफी दिली आहे. हायब्रिडला यातले काही मिळत नाही. हायब्रिडवरील कर सप्टेंबर २०२५ मध्ये ४३ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला, इतकाच दिलासा आहे. सीएनजीचा पर्याय दोन्ही कंपन्यांकडे आहे, पण तो क्लचच्या गाडीत असल्याने आपल्या कामाचा नाही.

टेस्ट ड्राइव्हबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हायब्रिडची परीक्षा रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर होत नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास, चौघे बसून, एसी लावून घोडबंदर रस्त्यावर गाडी न्यावी. निघताना पडद्यावर बॅटरीच्या पट्ट्या पाहाव्यात. त्या पूर्ण भरलेल्या असतील तर पहिले काही मिनिटे गाडी केवळ विजेवर चालेल आणि सगळे शांत, सुरेख वाटेल. बॅटरी निम्म्यावर येईपर्यंत चालवत राहावे, म्हणजे इंजिन सुरू होतानाची थरथर आणि आवाज खरा कळतो. मग गायमुखच्या घाटापर्यंत जावे. चढावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला की तीन सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग थोडा मागून येतो. हा बिघाड नव्हे, या गिअरबॉक्सची ती रीतच आहे; पण काहींना ती मुळीच सहन होत नाही, आणि ते घेण्याआधी कळलेले बरे. कोकणात कशेडीचा घाट आता बोगद्यामुळे बराच टळत असला तरी परशुराम घाटासारख्या लांब उतारांवर गिअरची दांडी ‘बी’वर घ्यायला शिकून ठेवावे. एवढी लहान बॅटरी उतारावर लवकर भरते आणि मग मोटरचा रोध कमी होतो. ‘बी’मध्ये इंजिनाचा रोध मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत. त्या वेळी इंजिन घुमल्यासारखे ऐकू आले तरी घाबरू नये.

वापरातल्या काही गोष्टी नवीन मालकांना कोणी सांगत नाही. बॅटरी हवेने थंड ठेवली जाते, त्यामुळे तिच्या हवेच्या जाळीसमोर पिशव्या, उशा किंवा व्हीलचेअरचे कापड येऊ देऊ नये आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला ती जाळी साफ केली का, हे विचारावे. नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी यातही असते. गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली की तीच उतरते आणि हायब्रिड यंत्रणा सुरूच होत नाही. परगावी जाणार असाल तर आठवड्यातून एकदा शेजाऱ्याकडून गाडी ‘रेडी’ स्थितीत अर्धा तास चालू ठेवून घ्यावी. नुसते बटण दाबून रेडिओ लावणे पुरत नाही. नारिंगी रंगाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. बाहेरच्या दुकानातून हॉर्न, दिवे किंवा सीटखालचे स्पीकर बसवताना कोणी वायरिंग कापले तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागते, म्हणून ॲक्सेसरीज कंपनीच्याच घ्याव्यात.

शेवटी व्यवहाराची एक बाब. लगेच मिळणाऱ्या गाडीवर सूट असते तेव्हा ती कधी कधी काही महिने यार्डात उभी असलेली असते. त्यात वावगे काही नाही, पण आपल्याला ते ठाऊक असायला हवे. आरटीओत नोंदणी होण्याआधी यार्डात जाऊन दिवसाच्या उजेडात गाडी पाहण्याचा आग्रह धरावा. चासी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना आणि वर्ष विचारून घ्यावे, टायरवरील तारीख त्याच्याशी जुळते का पाहावे, किलोमीटरचा आकडा पाहावा, १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली नाही याची खात्री करावी आणि डिकीचा तळ उचलून आत ओल किंवा गंज नाही ना, तेही पाहावे. उत्पादन मागील वर्षाचे निघाले तर सूट त्या मानाने वाढवून मागावी, कारण पुढे गाडी विकताना खरेदीदार उत्पादनाचे वर्षच पाहतो. यातले काहीही खटकले तर नोंदणीचे पैसे भरण्याआधीच दुसरी गाडी मागून घ्यावी.